डीजे प्लेयर कसा निवडावा आणि गाण्यात गाणं कसं मिसळावं

"कोणता प्लेयर घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "वाजवणार कुठे?" समोरच्याला वाटतं, हा उत्तर टाळतोय. पण घरच्या टेबलावर शिकायचंय, मित्रांच्या पार्टीत वाजवायचंय, की क्लबमध्ये दुसऱ्याच्या डेकवर (गाणं वाजवणाऱ्या यंत्रावर) उभं राहायचंय, त्यावर यंत्र ठरतं. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ऐकणाऱ्याला कळूच नये की गाणं कधी बदललं, असा मिक्स, फेडर (गाण्याचा आवाज वर-खाली करणारी सरकती कळ) हलायच्या बऱ्याच आधी ठरलेला असतो: पुढचं गाणं कोणतं काढलं, ते कुठल्या मात्रेवर सोडलं आणि त्या वेळी बेस कुणाचा चालू होता. त्यामुळे यंत्रांचं आधी उरकून घेऊ आणि मग कानांकडे वळू.

यंत्रांची चार घराणी

सगळ्यात जुनं घराणं टर्नटेबलचं, म्हणजे रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्राचं. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२ साली आला आणि १९७९ च्या एमके२ आवृत्तीत त्याला तो लांब, सरळ पिच स्लायडर (गाण्याचा वेग कमीजास्त करणारी सरकती कळ) मिळाला. पुढच्या जवळजवळ प्रत्येक डीजे यंत्राने तो उचलला. याची मोटर थेट तबकडीखाली असते, मध्ये पट्टा नसतो. तबकडी हाताने धरून सोडली की ती क्षणात वेग पकडते. पट्ट्यावर फिरणारी टर्नटेबलं निवांत गाणी ऐकायला ठीक, मिक्सिंगला नाहीत. विनाइलवर शिकणाऱ्याचा कान लवकर तयार होतो हे खरं, पण रेकॉर्ड जमवायच्या, सुया बदलायच्या, पेट्या उचलायच्या, याची हौस असेल तरच त्या वाटेला जा. मधला मार्ग टाइमकोडचा आहे. खास रेकॉर्डवर गाण्याऐवजी एक खुणेचा सूर कोरलेला असतो, सॉफ्टवेअर तो वाचतं आणि लॅपटॉपमधलं गाणं तुमच्या हाताच्या वेगाने चालवतं.

दुसरं घराणं मीडिया प्लेयरचं. क्लबच्या बूथमध्ये ज्या दोन, तीन किंवा चार चपट्या पेट्या मिक्सरच्या आजूबाजूला दिसतात, त्या ह्या. पायोनियरचा सीडीजे-५०० हा १९९४ मध्ये आला. २००१ च्या सीडीजे-१००० मध्ये वरच्या चाकाला रेकॉर्डसारखी पकड आली आणि विनाइलवाले डीजे पहिल्यांदा मनापासून सीडीकडे वळले. २०२० च्या सीडीजे-३००० मध्ये तर सीडीची खाचच नाही. पेनड्राइव्ह, कार्ड किंवा नेटवर्क एवढंच. हे प्लेयर मजबूत आणि महाग असतात, आणि एकटे काहीच कामाचे नाहीत: दोन लागतात, वर वेगळा मिक्सर लागतो.

तिसरा कंट्रोलर. एकाच पाटीवर दोन चाकं, मध्ये मिक्सर आणि डोकं म्हणजे लॅपटॉप. गाणं लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर वाजवतं, कंट्रोलर फक्त तुमचे हात तिथपर्यंत पोचवतो. रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर, व्हर्च्युअल डीजे ही नेहमीची सॉफ्टवेअरं. मिक्स्क्स नावाचं एक पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आणि शिकायला ते मुळीच कमी पडत नाही.

चौथं घराणं ऑल-इन-वन यंत्रांचं. दिसायला कंट्रोलरसारखं, पण स्क्रीन आणि प्लेयर आतच. पेनड्राइव्ह लावा आणि वाजवा. लॅपटॉप अडकण्याची धास्ती नाही, पण यंत्र जड आणि एक भाग बिघडला तर सगळंच दुरुस्तीला.

माझं मत विचाराल तर पहिलं यंत्र दोन चॅनेलचा (एका वेळी दोन गाणी हाताळणारा) साधा कंट्रोलर असावा, ज्यात साउंड कार्ड आत आहे असा. चार चॅनेलच्या मोहात पडू नका. दोन गाणी सांभाळताना घाम फुटतो तोवर तिसरा आणि चौथा फेडर नुसता धूळ खातो. पुढे क्लबमध्येच वाजवायचं असेल तर ज्या कंपनीचे प्लेयर तिथे दिसतात, त्याच कंपनीच्या रचनेचा कंट्रोलर घ्या. बटणांच्या जागा हाताला पाठ होतात, आणि ते पाठांतर फुकट जात नाही.

विकत घेण्याआधी हात लावून बघा

जाहिरातीत दिव्यांचे पॅड आणि इफेक्ट्स पुढे केलेले असतात. मी मात्र सगळ्यात आधी टेम्पोचा, म्हणजे वेगाचा, स्लायडर बघतो. क्लबमधल्या प्लेयरचा साधारण दहा सेंटिमीटर लांब असतो, स्वस्त कंट्रोलरचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. लांबी कमी म्हणजे बोटाच्या बारीकशा हालचालीत वेग जास्त बदलतो, आणि नेमकं जुळवणं अवघड होतं. त्याचा आवाका बदलता येतो का तेही बघा: ±६, ±१०, ±१६ टक्के असे टप्पे असतात. शिकताना आणि वाजवताना ±६ वर ठेवा. त्यावर चांगले प्लेयर ०.०२ टक्क्याच्या पायरीने सरकतात. १२६ बीपीएमच्या (मिनिटाला १२६ ठोक्यांच्या) गाण्यात ही पायरी म्हणजे मिनिटाला एका ठोक्याचा चाळिसावा भाग. कानाला तो फरक लागत नाही.

मग हेडफोन. प्रत्येक चॅनेलला वेगळं क्यू बटण (ते गाणं फक्त हेडफोनमध्ये ऐकवणारं) हवं, आणि हेडफोनमध्ये बाहेर स्पीकरवर चालू असलेलं आणि पुढचं गाणं कमीजास्त मिसळणारी कळ हवी. हे नसेल तर ते यंत्र खेळणं आहे. प्रत्येक चॅनेलला बेस, मिड आणि ट्रेबलच्या तीन कळा आणि त्यांच्या वर ट्रिम (गाण्याची मूळ पातळी ठरवणारी कळ) हवीच. मागच्या बाजूला मास्टर आउटपुट कोणता आहे तेही बघून घ्या. आरसीए (टीव्हीला असते तशी लाल-पांढरी पिन) घरी चालतं. लांब वायर टाकायची असेल तर एक्सएलआर (माइकसारखी तीन पिनांची जोडणी) किंवा बॅलन्स्ड जॅक बरा, मध्ये गुणगुण शिरत नाही. बूथ आउटपुट (डीजेच्या जवळच्या स्पीकरसाठी वेगळी जोडणी) असेल तर सोनं. का, ते पुढे येतंच.

कंट्रोलरबरोबर सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्ती मिळते की कापलेली, हे खोक्यावर बारीक अक्षरात असतं. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. हेडफोन वायरचाच घ्या, बंद कपांचा. ब्लूटूथने आवाज उशिरा पोचतो आणि त्या उशिरावर ठोके जुळवणं म्हणजे हलत्या निशाणावर नेम धरणं.

जुना प्लेयर घेत असाल तर अर्धा तास मागा आणि स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन जा. प्लेयरचं क्यू (गाणं ठरवलेल्या जागी परत आणणारं) आणि प्ले ही बटणं वीस वीस वेळा दाबा. हीच सगळ्यात जास्त मार खातात, आणि एकदा दाबल्यावर दोनदा लागणारं क्यू बटण ऐन वेळी दगा देतं. चाकाच्या वरच्या पत्र्यावर कडेला, मध्ये, चारी बाजूंना बोट टेकवून बघा, सगळीकडे गाणं थांबलं पाहिजे. टेम्पो स्लायडर अगदी हळू वरपासून खाली आणा आणि आकड्यावर नजर ठेवा: आकडा मध्येच उडी मारत असेल तर आत धूळ किंवा झीज आहे. मध्यावर आणल्यावर बरोबर ०.०० दाखवतोय का? मिक्सरचा फेडर पूर्ण बंद करून आवाज वाढवा, मागून गाण्याची कुजबुज ऐकू आली तर तो गळतोय. पेनड्राइव्ह खाचेत घालून किंचित हलवा. मी एकदा हे शेवटचं विसरलो आणि घरी आल्यावर कळलं, खाच सैल आहे. टेबलाला धक्का लागला की गाणं गुल.

गाण्यांची तयारी

हा भाग कंटाळवाणा, पण इथे घालवलेला तास नंतर वाचतो. एमपी३ असेल तर ३२० केबीपीएसचं, नाहीतर वेव्ह किंवा एआयएफएफ. फ्लॅक चांगलंच, मात्र जुने प्लेयर ते वाचत नाहीत. व्हिडिओवरून ओढून काढलेलं गाणं लॅपटॉपवर ठीक वाटतं. मोठ्या स्पीकरवर त्याचा ट्रेबल पत्र्यासारखा वाजतो आणि बेस पोकळ येतो. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला ठेवा, जवळपास सगळीकडे चालतो. आणि एकसारखे दोन ठेवा. मी एकदा घाईत वाजत्या गाण्याचाच पेनड्राइव्ह उपटला होता. बिचाऱ्या प्लेयरने शेवटचे चार ठोके फिरवत ठेवले आणि तेवढ्यात माझी अब्रू वाचली.

सॉफ्टवेअर गाणं तपासून त्याचा बीपीएम काढतं आणि त्यावर ठोक्यांची जाळी मांडतं. या जाळीवर आंधळा विश्वास नको. १७४ चं गाणं ८७ दाखवणं नेहमीचं, ते दुप्पट केलं की झालं. खरी अडचण माणसाने प्रत्यक्ष ड्रम वाजवलेल्या जुन्या रेकॉर्डिंगची. तिथे लय श्वास घेते, सुरुवातीला ११८ असलेलं गाणं शेवटी १२१ ला पोचलेलं असतं. अशा गाण्याची जाळी सुरुवातीला बरोबर आणि तिसऱ्या मिनिटाला साफ चुकलेली असते. ती हाताने ठिकठिकाणी सरकवा, नाहीतर ते गाणं कानानेच मिसळा.

प्रत्येक गाण्यात दोन-तीन खुणा पुरतात: पहिला ठोका, गाणं जिथून अंगावर येतं ती जागा, आणि जिथून बाहेर पडायला सुरुवात करायची ती जागा. आठ हॉट क्यू (खुणेवर थेट उडी मारणारी बटणं) आहेत म्हणून आठही भरायला हवेत असं नाही.

मोजायला शिका

नाचाच्या बहुतेक संगीतात चार मात्रांचा एक बार असतो, आणि गाणं आठ-आठ बारांच्या तुकड्यांनी पुढे सरकतं. म्हणजे ३२ मात्रांचं एक आवर्तन धरा. आवर्तन संपून नवं सुरू होताना काहीतरी बदलतं: झांज पडते, नवा सूर येतो, बेस सुटतो किंवा थांबतो. तबल्यावर सम कळते तशी ही जागा कळायला लागली पाहिजे. डेकला हात न लावता आठवडाभर फक्त हेच करा. गाणं लावा, बोटांवर मोजा, एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, असं आठपर्यंत. "आता बदलणार" असं मनात येतं आणि खरंच बदलतं, ही गंमत दोन-तीन दिवसांत यायला लागते.

गायकाच्या गाण्यात हा हिशेब मोडतो. मध्येच दोन बार जास्तीचे येतात, कडव्याआधी अर्धा तुकडा येतो. ती गाणी आधी नुसती ऐकून घ्या आणि कुठे मोडतं ती जागा लक्षात ठेवा.

दोन गाण्यांचे ठोके अगदी तंतोतंत जुळलेत, तरीही मिक्स ओबडधोबड वाटतो, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. जवळजवळ प्रत्येक वेळी कारण हेच निघतं: समेवर सम पडलेली नसते. एकाचा तुकडा संपतोय आणि दुसऱ्याचा तिसरा बार चालू आहे. ऐकणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण पाय अडखळतो.

कानाने ठोके जुळवणं

सिंक बटण दाबलं की वेग आपोआप जुळतो, मग हे कशाला? माझं म्हणणं, सिंक खुशाल वापरा, पण कानाने जुळवता आल्यानंतर. जाळी चुकलेली असली की सिंक चुकीच्या जागी आत्मविश्वासाने जुळवतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे प्लेयर एकमेकांशी बोलत नाहीत. आणि टर्नटेबलसमोर उभं राहिलात तर ते बटणच नसतं. न्यूयॉर्कच्या सँक्चुअरी क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो १९७० च्या सुमारास हेडफोन लावून हेच करत होता: खाली तबकडी फिरतेय, वर रेकॉर्ड बोटाने धरलेली, आणि बरोबर ठोक्यावर ती सोडायची. साधनं बदलली, काम तेच राहिलं.

सराव असा करा. दोन्ही डेकवर एकच गाणं लावा, शक्यतो सुरुवातीला नुसता ठेका असलेलं. की लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) बंद ठेवा. एका डेकचा स्लायडर डोळे मिटून कुठेतरी सरकवा आणि दोन्हीकडच्या बीपीएमच्या आकड्यांवर कागद चिकटवा. स्क्रीनवरची आवाजाच्या लाटांची चित्रंही झाका, नाहीतर डोळे कानाचं काम करायला धावतात.

पहिला डेक स्पीकरवर चालू. हेडफोनचा एक कप कानावर, दुसरा कानामागे. दुसऱ्या डेकवर पहिल्या किकच्या (मोठ्या ढोलाच्या ठोक्याच्या) अगदी तोंडाशी क्यू लावा. बाहेरच्या गाण्याची सम येऊ द्या आणि त्या समेवर प्ले दाबा. पहिल्या दोन-चार ठोक्यांपुरतं जुळल्यासारखं वाटेल, मग किक दुहेरी ऐकू यायला लागेल. एकाच उखळात दोघीजणी मुसळ घालताहेत आणि एकीचा हात मागे पडतोय, तसा तो आवाज असतो.

आता मागे कोण पडतंय? सुरुवातीला हे कुणालाच कळत नाही, म्हणून अंदाज बांधून तपासा. चाक कडेने किंचित पुढे ढकला. ठोके एकत्र आले, तर तुमचं गाणं मागे होतं, म्हणजे त्याचा वेग कमी आहे. स्लायडरने थोडा वाढवा. आणखी बिघडलं, तर उलट. चाकाने ठोक्याची जागा दुरुस्त होते, स्लायडरने वेग. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि नुसतं चाक ढकलत राहणारा माणूस मिक्सभर ढकलतच राहतो. प्रत्येक वेळी आधी चाक, लगेच स्लायडर. सुरुवातीला स्लायडर मोठ्या पावलांनी हलवा. उत्तराच्या पलीकडे गेलात की पावलं निम्मी करत परत या. भीत भीत एकाच बाजूने सरकत राहिलात तर गाणं संपेल पण वेग जुळणार नाही.

किती नेमकं हवं याचा हिशेब सोपा आहे. १२६ बीपीएमला एका ठोक्याला ०.४७६ सेकंद लागतात. दोन गाण्यांत अर्ध्या बीपीएमचा फरक राहिला तर मिनिटभरात ती अर्ध्या ठोक्याने फाकतात, म्हणजे एकाची किक नेमकी दुसऱ्याच्या दोन किकच्या मध्ये. फरक ०.१ चा राहिला तर मिनिटाला सुमारे ४८ मिलिसेकंद. हा अधूनमधून चाकाला बोट लावून सांभाळता येतो.

एकच गाणं दोन्हीकडे लावण्याचा फायदा शेवटी दिसतो. वेग आणि जागा अगदी बरोबर बसली की आवाज पोकळ होतो, विमान डोक्यावरून गेल्यासारखा शूंऽऽ करत फिरतो. तो आवाज पहिल्यांदा निघाला त्या रात्री मी तो पाच-सहा वेळा मुद्दाम मोडून परत बसवला. तसा निघायला लागला की मग वेगळी गाणी घ्या.

स्पीकर लांब असेल तर एक फसवणूक होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवरच्या स्पीकरचा ठोका तुमच्यापर्यंत २९ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि हेडफोनमधला तत्काळ. तुम्ही त्या उशिरा आलेल्या ठोक्याशी प्रामाणिकपणे जुळवता आणि समोरच्यांना फाटलेला मिक्स ऐकू जातो. म्हणून बूथ आउटपुट हवा आणि त्यावर तुमच्या कानाजवळचा स्पीकर हवा. तो नसेल तर दोन्ही गाणी हेडफोनमध्येच मिसळून ऐका.

एक मिक्स, सेकंदासेकंदाने

समजा बाहेर १२४ बीपीएमचं गाणं चालू आहे आणि पुढचं १२६ चं आहे. पुढच्याचा स्लायडर −१.६ टक्क्यांवर येईल. १२४ ला एक बार १.९४ सेकंदांचा, म्हणजे आठ बार साडेपंधरा सेकंदांचे आणि सोळा बार ३१ सेकंदांचे. तुमच्याकडे आहे तो वेळ एवढाच, पण हात शांत असेल तर तो भरपूर आहे.

चालू गाण्यातलं शेवटचं मोठं आवर्तन संपत आलंय, आता नुसता ठेका आणि बेस उरणार हे तुम्हाला माहीत आहे, कारण तिथे खूण केली आहे. पुढचं गाणं हेडफोनमध्ये जुळवून ठेवलंय. ते परत क्यूवर आणा. मिक्सरवर त्याचा बेस पूर्ण खाली, मिड थोडा खाली, ट्रेबल जागेवर.

सम आली, प्ले. लगेच फेडर ढकलू नका. चार ठोके हेडफोनमध्ये ऐका, किक एक आहे ना? मग आठ बारांत फेडर हळूहळू वर. बाहेर आधी नव्या गाण्याचे हाय-हॅट (ड्रमची जोडझांज) ऐकू येतात, नुसती सळसळ. नाचणाऱ्यांना वाटतं, चालू गाण्यातच काहीतरी नवीन आलं. आठ बार संपताना फेडर वर पोचलेला, नव्या गाण्याचा बेस अजूनही बंद.

आता मधली सम. इथे बेस बदलायचा. जुन्याची बेसची कळ खाली आणि नव्याची वर, दोन्ही हातांनी, एकाच ठोक्यावर. हा एक क्षण जमला की बाकीच्या चुका झाकल्या जातात. दोन्हीचे बेस एकत्र सोडले तर तळाचा आवाज गढूळ होतो. दोन सारखे सूर एकावर एक बसले तर पातळी ६ डेसिबलपर्यंत वाढते आणि मिक्सरचा लाल दिवा लागतो. विरुद्ध बसले तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि पोटातला धक्का गायब. एकाच घरात दोन बेस नांदत नाहीत.

पुढचे आठ बार जुन्याला निरोप देण्याचे. त्याचा मिड कमी करत जा, नव्याचा जागेवर आणा, मग ट्रेबल, मग फेडर. जुन्यात गायन सुरू होणार असेल तर त्याआधीच बाहेर पडा. दोन गायक एका वेळी बोलले की काही कळत नाही, आणि कुणीही चूक पकडू शकतो. जुन्या गाण्याचा ठेकाच संपत आला असेल, तर आधीच्या चार बारांचा लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणं) लावून त्याला थोपवून धरा.

नवं गाणं एकटं झालं की स्लायडर लगेच शून्यावर ओढू नका. दोन-तीन मिनिटांत थोडा थोडा नेला तर कुणाला कळत नाही.

सगळेच मिक्स असे लांब नसतात. ९० च्या गाण्यावरून १२८ वर जायचं असेल तर जुळवण्याच्या नादाला न लागता समेवर सरळ काप घ्या, किंवा जुन्याला इकोमध्ये विरू द्या आणि शांततेत नवं सुरू करा. हिपहॉप वाजवणारे तर चार-आठ ठोक्यांत काम उरकतात.

पट्टी

की लॉक बंद असताना वेग वाढवला की सूरही चढतो. जवळजवळ ६ टक्क्यांना पूर्ण अर्धा स्वर, म्हणजे पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जातं. की लॉक लावला की पट्टी जागेवर राहते, मात्र वेग फार बदलला तर आवाज खरखरीत होतो. तीन-चार टक्क्यांपर्यंत सहसा खपून जातं.

दोन गाणी एकमेकांना लागू पडतील का, हे बघायला सॉफ्टवेअरमध्ये कॅमेलॉट चक्र असतं: १ ते १२ आकडे, मायनरला ए, मेजरला बी. तोच आकडा किंवा शेजारचा आकडा चालतो. उदाहरणार्थ ८ए म्हणजे पांढरी सहाचा मायनर. त्याला ७ए (पांढरी दोन), ९ए (पांढरी तीन) आणि ८बी, म्हणजे पांढरी एकचा मेजर, हे तिघे सोयीचे. हे गणित दोन्हीकडे सूर एकाच वेळी वाजत असतील तेव्हाच लागतं. नुसत्या ठेक्यावर ठेका टाकताय तर पट्टीची काळजी सोडा. पुष्कळ जण आकड्यांचे इतके गुलाम होतात की पुढचं योग्य गाणं समोर असूनही लावत नाहीत, कारण ते ३ए आहे.

आवाजाची पातळी

ट्रिम लावताना गाण्याचा सगळ्यात जोरकस भाग वाजवून लावा. हलक्या सुरुवातीवरून लावलीत तर ड्रॉपला, म्हणजे गाणं अंगावर येतं तिथे, सगळं लाल होतं. मीटर हिरव्यात राहावा, वरच्या टोकाला पिवळा शिवला तर चालेल. लाल दिवा म्हणजे लाटेचं डोकं छाटलं जातंय, आणि ते मास्टर कमी करून परत जोडलं जात नाही. गर्दीला आवाज कमी वाटला तर अॅम्प्लिफायरकडे जा, मिक्सरकडे नको.

स्वतःचे कानही यात येतात. अमेरिकेतली एनआयओएसएच ही संस्था ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. संगीतकारांसाठीचे इअरप्लग बेसपासून ट्रेबलपर्यंत सगळे आवाज सारखे कमी करतात, फोमच्या बोळ्यासारखा ट्रेबल मारत नाहीत. एका कानात प्लग आणि दुसऱ्यावर हेडफोन, ही सवय लागायला दोन-तीन रात्री पुरतात.

रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका

घरी वाजवलेला प्रत्येक अर्धा तास रेकॉर्ड करा. त्याच रात्री ऐकू नका, कान तेव्हा स्वतःच्या बाजूचे असतात. दुसऱ्या दिवशी चालताना, भांडी घासताना, दुसरंच काही करताना ऐका. जिथे लक्ष अचानक गाण्याकडे ओढलं गेलं, तिथला मिनिट-सेकंद लिहून ठेवा आणि संध्याकाळी फक्त तोच जोड दहा वेळा वाजवा. माझ्या जुन्या वहीतलं एक पान असं आहे: "४:१० सम चुकली, चार मात्रा आधी सोडलं. ७:४० दोन्ही बेस. ११:०५ बरं. १५:३० परत दोन्ही बेस. १९:२० गायनावर गायन. २२:०० परत दोन्ही बेस, डावा हात कुठे होता?" डावा हात हेडफोन धरून उभा होता. त्यानंतर मी बेस बदलायच्या आधी हेडफोन गळ्यात सोडायला लागलो.